पेडल खाली बसते, मग ऑइल जाते कुठे?

सिग्नलला गाडी उभी आहे. रस्त्याला किंचित उतार आहे. उजवा पाय ब्रेकवर ठेवून तुम्ही हिरव्या दिव्याची वाट पाहता, आणि पायाखाली काहीतरी हलते. पेडल खाली चालले आहे. झटक्यात नव्हे, ओल्या वाळूत टाच रुतत जावी तसे, हळूहळू. समोरच्या रिक्षाची पाठ जवळ येऊ लागते. दचकून तुम्ही पाय उचलता, पुन्हा दाबता, आणि पेडल वरच्या वर घट्ट! गाडी जागच्या जागी उभी राहते.

घरी येऊन तुम्ही बॉनेट उघडता. ब्रेक ऑइलची डबी वरच्या रेघेपर्यंत भरलेली. वाकून चाकांच्या मागे पाहता. कुठे थेंब नाही. गाडी गॅरेजला नेता. मेकॅनिक ती गल्लीच्या टोकापर्यंत पळवतो, दोनदा कचकचून ब्रेक मारतो आणि सांगतो, ‘काही झालेलं नाही साहेब, ब्रेक एकदम टाइट आहे.’

तुम्हीही खरे सांगत आहात आणि तोही. सिग्नलला पेडल बसले होते आणि गॅरेजमध्ये ते बसले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळले की जुन्या गाडीतला एक फार फसवा दोष ओळखता येतो. त्यासाठी आधी पायापासून चाकापर्यंतची वाट पाहून घेऊ.

पाय ते चाक

सायकलच्या ब्रेकमध्ये हाताचा जोर तारेतून किंवा सळईतून चाकापर्यंत जातो. मोटारीत हे काम नळ्यांमध्ये कोंडलेला द्रव करतो. इंजेक्शनच्या दोन सिरिंज घ्या, एक बारीक आणि एक जाड. दोन्ही पाण्याने भरून प्लास्टिकच्या नळीने एकमेकींना जोडा. बारीक सिरिंजचा दट्ट्या आत ढकलला की जाड सिरिंजचा दट्ट्या बाहेर येतो. तो थोडासाच सरकतो, पण मोठ्या जोराने सरकतो. कोंडलेल्या द्रवाला एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत आपण पाठ केलेला असतो. ब्रेक मारताना तोच नियम आपल्या पायाखाली असतो.

गाडीतली बारीक सिरिंज म्हणजे मास्टर सिलिंडर. तो बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या पायांसमोरच्या पत्र्याच्या पलीकडे असतो आणि त्याच्या डोक्यावर ऑइलची डबी असते. जाड सिरिंज चाकांपाशी असतात. डिस्क ब्रेक असेल तर तिला कॅलिपर म्हणतात, ड्रम ब्रेक असेल तर व्हील सिलिंडर.

थोडा हिशेब करू. समजा, पायाने पेडलवर २० किलोचा भार दिला. पेडल ही एक तरफच असते. ती हा भार साधारण पाचपट करते, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो पडतात. दट्ट्याचा व्यास २ सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर, आणि द्रवातला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३२ किलो. हाच दाब कॅलिपरमधल्या ५ सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पोचतो, तेव्हा तिथला जोर होतो सव्वासहाशे किलो. घोट्याच्या एका हालचालीने टनभर वजनाची गाडी थांबते ती अशी.

आता हाच हिशेब उलट बाजूने पाहा, कारण आपल्या कोड्याचे उत्तर तिथे आहे. पेडल ५ सेंटिमीटर खाली जाते तेव्हा मास्टर सिलिंडरचा दट्ट्या फक्त १ सेंटिमीटर सरकलेला असतो. तेवढ्यात त्याने ढकललेला द्रव जेमतेम ३ मिलिलिटर भरतो. खोकल्याच्या औषधाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडा जास्त द्रव दाबाखालून निसटला, तर पेडल तीन बोटे खाली जाते. डबी भरलेली आहे, जमीन कोरडी आहे, एवढ्यावरून ब्रेक ठीक आहे असे म्हणता येत नाही, ते यामुळेच.

एक वायसर आणि एक बारीक छिद्र

गावचा हापसा आठवा. दांडा खाली ओढला की आतला दट्ट्या वर येतो आणि पाणी उचलतो. दट्ट्याला वाटीसारखा वायसर बसवलेला असतो; जुन्या हापशांत तो चामड्याचा असे. या वायसरची कड झिजली की दांडा नेहमीसारखाच हलतो, पण पाणी कडेने निसटून परत खाली जाते. बाहेर एक थेंब सांडत नाही आणि घागरही भरत नाही.

मास्टर सिलिंडरमधले रबर नेमके असेच असते. वाटीच्या आकाराचे, वाटीचे तोंड द्रवाकडे. दाब वाढला की द्रव वाटीत भरतो आणि तिची कड बाहेर पसरवून सिलिंडरच्या भिंतीला चिकटवतो. शिडात वारा भरावा तसे. ही रचना फार हुशारीची आहे, कारण जितका दाब जास्त तितकी कड घट्ट बसते. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

वाटीच्या जरा पुढे, सिलिंडरच्या वरच्या बाजूला एक बारीक छिद्र असते, थेट डबीत उघडणारे. पाय उचललेला असतो तेव्हा हे छिद्र मोकळे असते. चाकांच्या उष्णतेने द्रव फुगला तर जादा द्रव त्यातून डबीत जातो, पॅड झिजल्यामुळे आत जागा झाली तर डबीतला द्रव खाली उतरतो. पेडल दाबताच रबर सरकते आणि हे छिद्र झाकले जाते. तिथून पुढे दाब तयार होऊ लागतो. ब्रेकचा सगळा भरवसा या रबराच्या पातळ कडेवर आहे.

या कडेचा त्रास द्रवावर चालणाऱ्या ब्रेकइतकाच जुना आहे. माल्कम लॉकहीड या अमेरिकी संशोधकाने द्रवावर चालणारे ब्रेक बनवले आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग या गाडीच्या चारही चाकांना ते लागले. त्या सुरुवातीच्या ब्रेकांत वायसर कच्च्या चामड्याचे होते आणि ते गळत. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी तिथल्या इंजिनिअरांनी त्यांच्या जागी रबराच्या वाट्या आणल्या, आणि मग ही पद्धत सामान्य माणसाच्या गाडीपर्यंत पोचली. शंभर वर्षे झाली, तत्त्व बदललेले नाही. बदलले ते एवढेच की १९६० नंतर हळूहळू एकाच सिलिंडरमध्ये एकामागे एक असे दोन कप्पे आले. प्रत्येक कप्पा दोन चाकांचा. एक कप्पा दगावला तरी दुसरा निम्म्या चाकांना ब्रेक देतो. एकच कप्पा असलेल्या जुन्या गाडीत रबर किंवा नळी गेली, तर चारही चाके एकदम पोरकी होत.

‘ब्रेक कमी लागतो’ म्हणजे नेमके काय?

गॅरेजमध्ये आपण बहुतेक वेळा एवढेच सांगतो, आणि चुकीची दुरुस्ती तिथूनच सुरू होते. तापाच्या रोग्याने डॉक्टरांना ‘बरं वाटत नाही’ एवढेच सांगावे तसे ते आहे. पायाला जे जाणवते त्याचे वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचे कारण निराळे आहे.

पेडल स्पंजसारखे लागत असेल, दाबले की दबते आणि सोडले की उसळते, तर नळ्यांमध्ये हवा शिरलेली असण्याची शक्यता मोठी. द्रव दाबून लहान होत नाही, हवा होते. पायाचा प्रवास हवा आवळण्यातच खर्ची पडतो. फुगणारे जुने रबरी होज पाइपही असाच भास देतात.

पहिल्यांदा पेडल खूप खाली लागते, पण लागोपाठ दोनदा मारले की वर येते आणि मग तिथेच टिकते, असे असेल तर पहिला संशय ड्रम ब्रेकवर घ्यावा. ड्रमला आतून दाबणाऱ्या शूवरचे लायनर झिजले की शू आणि ड्रम यांच्यातले अंतर वाढते. पहिल्या दाबात द्रव फक्त ते अंतर भरून काढतो. शू मागे फिरायच्या आत दुसरा दाब आला की डबीतून आणखी द्रव येतो आणि पेडल वर धरते. पद्मिनीसारख्या गाड्यांना चारही चाकांना ड्रम होते; मारुती ८०० ला पुढे डिस्क आणि मागे ड्रम. असे ड्रम वेळोवेळी तपासून अ‍ॅडजस्ट न केल्यास पेडल हळूहळू खोल जाते. यात गळती काहीच नसते.

पेडल दगडासारखे कडक झाले असेल, पाय घालूनही गाडी थांबत नसेल, तर तो बूस्टरचा प्रश्न आहे. बूस्टर म्हणजे मास्टर सिलिंडरच्या मागचा तो मोठा गोल डबा. इंजिनच्या ओढीने त्यात निर्वात तयार होतो आणि पायाला मदत करतो. तो बिघडला तर पेडल जड होते, खाली बसत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पेडल बसते म्हणून बूस्टर बदलून पैसे घालवणारे लोक मी पाहिले आहेत.

या सगळ्यांहून वेगळे आपले दुखणे आहे: पेडल आधी योग्य उंचीवर लागते, घट्टही लागते, पण पाय स्थिर ठेवला की खाली सरकत राहते. याचा अर्थ एकच. दाबाखालचा द्रव दाब नसलेल्या ठिकाणी जातो आहे. हवा असे करत नाही, कारण ती एकदा आवळली की तिथे थांबते. झिजलेले लायनरही असे करत नाहीत. सरकत राहणे ही गळतीचीच खूण आहे. आता फक्त एवढेच शोधायचे की गळती गाडीबाहेर आहे की गाडीच्या आत.

हलक्या पायाची परीक्षा

गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना उटी लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधला साठलेला निर्वात संपेल. आता पेडलवर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडेसे खाली जाईल आणि थांबेल. हे चांगले लक्षण आहे; बूस्टर कामाला लागल्याची ती पावती. अनेकांचा गोंधळ इथेच होतो. इंजिन सुरू होताना एकदाच खाली जाऊन थांबणे वेगळे आणि सरकतच राहणे वेगळे.

आता खरी परीक्षा. सिग्नलला उभे असताना ठेवतो तेवढाच हलका, एकसारखा दाब द्या आणि सावकाश तीस आकडे मोजा. पेडल जागचे हलता कामा नये. मग हाच प्रयोग जोरात दाबून करा.

इथे मघाचा मुद्दा परत येतो. रबराची कड दाबानेच भिंतीला चिकटते. कड झिजली असेल, तर जोराच्या दाबाने ती कशीबशी पसरून भिंत गाठते आणि पेडल टिकते. हलक्या दाबात तिला पसरवणारे बळ नसते. मग द्रव तिच्या बाजूने मागे झिरपतो आणि तिथून डबीत परत जातो. मेकॅनिकने कचकचून ब्रेक मारला तेव्हा सगळे ठीक वाटले ते याच कारणाने. म्हणून मेकॅनिकला सांगा, ‘दादा, जोरात नको, हळू दाबून धरून बघा.’ या एका वाक्याने कितीतरी चकरा वाचतात.

सगळ्यांत वाईट गोष्ट ही की हा दोष माणसाला धीर देतो. आणीबाणीला ब्रेक लागतोय ना, मग बघू पुढच्या महिन्यात, असे वाटते. पण झिजलेली कड परत जुळत नाही. आज हलक्या दाबाला हार मानणारे रबर उद्या जोराच्या दाबाला हार मानते, आणि तो उद्या कधी येईल हे सांगता येत नाही.

डबी काय सांगते

पेडल बसते हे पक्के झाले की डबीकडे वळायचे. ऑइलच्या पातळीवर डबीबाहेरून मार्करने रेघ मारा आणि दोन-चार दिवस पाहा. त्या दिवसांत गाडी घराजवळच आणि हळू चालवावी. पेडल फार बसत असेल तर अजिबात चालवू नये.

पातळी उतरत असेल तर द्रव बाहेर पडतो आहे. चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर ओला, काळपट ओघळ दिसतो का पाहा. ड्रमच्या चाकात गळती असली तरी थेंब सहसा लगेच जमिनीवर येत नाही. व्हील सिलिंडरच्या टोकाला धूळ अडवणारी रबरी टोपी असते, तिच्यात तो साठून राहतो. ती टोपी बोटाने जराशी उचलली की कळते. ऑइलने भिजलेले शू धुऊन परत बसवू नका. लायनर ते ऑइल पिऊन बसतात आणि गाडी ब्रेक मारताच एका अंगाला ओढते.

बाहेर पडण्याची एक छुपी वाटही आहे. मास्टर सिलिंडरच्या मागच्या टोकाचे रबर गेले तर ऑइल सरळ बूस्टरच्या पोटात जाते. डबी रिकामी होत राहते, जमीन कोरडी राहते, आणि माणूस चक्रावतो. दोघांच्या सांध्याखाली रंग फुगलेला किंवा पत्रा ओला असेल तर समजावे. कधी हे ऑइल निर्वाताच्या नळीतून इंजिनात ओढले जाते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो.

पातळी तसूभरही हलत नसेल आणि पेडल मात्र बसत असेल, तर बहुतेक वेळा दोषी मास्टर सिलिंडरच. खात्री करायची तर डबीचे झाकण उघडा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि कोणाला तरी पेडल हलके दाबून धरायला सांगा. दाबल्याबरोबर द्रवात एक छोटी उसळी येते. छिद्र झाकले जायच्या आतली ती हालचाल असते आणि ती स्वाभाविक आहे. मात्र त्यानंतर पेडल खाली सरकत असताना डबीत द्रव हळूहळू वर येताना किंवा घुसळताना दिसला, तर तुम्ही गळती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

ज्या गाड्यांना एबीएस आहे त्यांच्यात आणखी एक शक्यता असते. एबीएसच्या ठोकळ्यातली एखादी झडप पूर्ण बंद होत नसेल तरी पेडल असेच बसते. आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले २०१९ मध्ये, त्यामुळे पंधरा-वीस वर्षांच्या साध्या गाड्यांत सहसा हा प्रश्न येत नाही.

चांगले गॅरेज यापुढे अंदाजाने जात नाही. मास्टर सिलिंडरच्या नळ्या काढून त्या जागी बूच बसवतात आणि पेडल दाबतात. तरीही ते बसले तर दोष सिलिंडरचा, कारण द्रवाला जायला दुसरी वाटच उरलेली नाही. पेडल दगडासारखे टिकले तर सिलिंडर चांगला. मग नळ्या परत जोडून एकेका चाकाचा होज पाइप खास चिमट्याने आवळून पाहतात. ज्या चाकाचा पाइप आवळल्यावर पेडल टिकते, त्या चाकात दोष. पाण्याच्या टाकीची गळती शोधताना प्लंबर एकेक व्हॉल्व्ह बंद करत जातो, तीच ही पद्धत. दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे, पण ते न करता तीन सुटे भाग बदलले जातात.

चौकट : पायाला काय जाणवते?

स्पंजसारखे लागते, उसळते: नळीत हवा किंवा फुगणारा होज पाइप.
दोनदा मारल्यावर वर येते आणि टिकते: ड्रमचे शू लांब गेले आहेत; हवाही असू शकते.
कडक लागते, गाडी थांबत नाही: बूस्टर किंवा त्याची निर्वाताची नळी.
घट्ट लागून हळूहळू बसते, डबीची पातळी उतरते: बाहेर गळती, चाके, नळ्या आणि बूस्टरचा सांधा पाहा.
घट्ट लागून हळूहळू बसते, पातळी तशीच: मास्टर सिलिंडरच्या आत गळती.
घाट उतरताना मऊ पडते, गाडी थंड झाल्यावर सुधारते: ब्रेक ऑइल उकळले आहे.

हवा काढली आणि दुखणे वाढले

आमच्या घरी पंचवीस वर्षांची एक गाडी आहे. तिचे पेडल थोडे मऊ लागायचे, म्हणून एका गॅरेजमध्ये हवा काढायला दिली. गाडी परत आली ती पेडल बसण्याचा नवा आजार घेऊनच. आम्हाला वाटले, हवा नीट निघाली नाही. पुन्हा काढली. आजार आणखी वाढला. काय झाले होते ते कळायला मला बरेच दिवस लागले, आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने ते माहीत करून घ्यावे असे मनापासून वाटते.

रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा दट्ट्या पूर्ण आत कधीच जात नाही. तो सुरुवातीच्या थोड्याशा भागात मागेपुढे होतो, त्यामुळे तेवढी भिंत गुळगुळीत राहते. पुढच्या न वापरलेल्या भागात मात्र वर्षानुवर्षे ओलसर ऑइल पडून असते. तिथे गंज धरतो, खड्डे पडतात, कीट साठते. हवा काढताना एक जण चाकाचे निपल ढिले करतो आणि दुसरा पेडल तळापर्यंत दाबतो. त्या क्षणी रबराची नाजूक कड आयुष्यात पहिल्यांदा त्या खरबरीत भागावरून घासली जाते. खिसणीवरून गाजर फिरावे तशी. दहा-वीस वेळा असे झाले की कडेचे तुकडे निघतात.

उपाय अगदी साधा आहे. हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे ते रोजच्या मर्यादेपलीकडे जाणार नाही. किंवा पेडल न दाबता चाकाच्या निपलमधून पंपाने ऑइल ओढून घ्यावे. जुन्या गाडीची हवा काढायला देताना ‘पेडल तळाला नेऊ नका’ असे आधीच सांगून ठेवा.

ज्याला ऑइल म्हणतो ते ऑइल नव्हे

सिलिंडर आतून गंजतो कसा, याचे उत्तर त्या द्रवातच आहे. बोलण्यात आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण आपल्या गाड्यांत भरतात ते डॉट ३ किंवा डॉट ४ म्हणजे तेल नाहीच. ग्लायकॉल जातीच्या रसायनांचा तो द्रव आहे आणि पाण्याशी त्याची मैत्री आहे. पावसाळ्यात उघड्या बरणीतले मीठ जसे हवेतले पाणी ओढून ओलावते, तसे हे ऑइल रबरी पाइपांमधून आणि डबीच्या झाकणातून दमट हवा शोषत राहते. कोकणात आणि मुंबईत तर विचारायलाच नको.

‘ऑइल’ या नावाने एक गंभीर चूकही घडते. डबीत कमी दिसले म्हणून कोणी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचे ऑइल ओततो. ब्रेकमधले रबर खनिज तेल सहन करू शकत नाही. ते फुगते, मऊ होते आणि सगळ्या चाकांतली रबरे एकदम बाद होतात. मग मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपरची रबरे आणि होज पाइप, सगळेच बदलावे लागते. डबीच्या झाकणावर लिहिलेलेच ऑइल, आणि तेही सीलबंद बाटलीतले, एवढा नियम पाळा. अर्धी वापरून सहा महिने कपाटात ठेवलेली बाटली वापरू नका. शिवाय हे ऑइल रंग खाते. बॉनेटवर सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पाणी मुरल्याने गंज होतो, पण त्याहून तातडीचा धोका घाटात आहे. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरलेली चालते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी साडेबाराशे मीटरच्या आसपास खाली येते. टनभराच्या गाडीची यात जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात पस्तीस-चाळीस लिटर पाणी उकळीला येईल. इंजिनला काही न देता ही सारी उष्णता ब्रेकवर टाकली, तर जुने ऑइल चाकापाशी उकळते, त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच आवळली जाते. पेडल तळाला जाते. तासाभराने गाडी थंड झाली की सगळे पूर्ववत, आणि गॅरेजमध्ये पुन्हा ‘काही झालेलं नाही’. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम अगदी शास्त्रशुद्ध आहे. आणि ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी कमी फिरत असली तरी. ऑइल किलोमीटर मोजत नाही, पावसाळे मोजते.

किट की नवा सिलिंडर?

दोष मास्टर सिलिंडरचा ठरला की गॅरेजवाला विचारतो, ‘किट टाकू का?’ किट म्हणजे फक्त नवी रबरे. भाग स्वस्त, काम लवकर. मात्र ज्या गंजलेल्या भिंतीने जुनी कड खाल्ली, तीच भिंत नवी कडही खाणार. सिलिंडर उघडल्यावर आतली भिंत स्वच्छ पुसून उजेडात पाहा. ती आरशासारखी असेल आणि बोटाला कुठे खाच लागत नसेल, तरच किट. खड्डे दिसले तर पूर्ण नवा सिलिंडर घ्यावा. लोखंडी सिलिंडर आतून घासून वापरात आणण्याची जुनी पद्धत होती. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरला तसे घासू नये, कारण त्याच्या पृष्ठभागावरचा कठीण थर निघून जातो. माझे मत विचाराल तर वीस वर्षांपलीकडच्या गाडीत किटच्या फंदात पडू नये. ब्रेकच्या बाबतीत वाचवलेले पैसे हे वाचवलेले पैसे नसतात.

नवा सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी वाइसमध्ये धरून त्याच्यातली हवा काढून घेणे गरजेचे आहे. नाहीतर त्याच्या कप्प्यांत अडकलेली हवा चाकांपर्यंत ढकलता ढकलता नाकीनऊ येतात, आणि नवा भागच खराब निघाला असा समज होतो. काम झाल्यावर पैसे देण्याआधी तीच हलक्या पायाची परीक्षा घ्या, तीस आकडे मोजून.

चालत्या गाडीत पेडल गेले तर

पेडल तळाला गेले तर पाय उचलून भराभर मारत राहा. प्रत्येक वेळी डबीतून थोडा द्रव येतो आणि बऱ्याचदा निदान अर्धवट ब्रेक मिळतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली घ्या. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याचा या द्रवाशी संबंध नसतो. बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा, एकदम खेचला तर मागची चाके अडकून गाडी फिरते. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवा. गाडी थांबेपर्यंत चावी बंद करू नका. इंजिनचा अटकाव जाईल, आणि चावी बाहेर निघाली तर स्टिअरिंगही अडकेल.

आणि गाडी एकदा थांबली की मग पेडल पुन्हा वर आले तरी ती चालवत गॅरेजला नेऊ नका. टो करून न्या, किंवा मेकॅनिकला गाडीपाशी बोलवा. ही वेळच येऊ नये म्हणून आज संध्याकाळी गाडी दारात लावाल तेव्हा हलक्या पायाने पेडल दाबून तीस आकडे मोजून पाहा.